अर्धा तंबू

(पीटर्सबर्गच्या खंदकांमागे, व्हर्जिनिया, १८६४)

सरकार आम्हाला अर्धा-अर्धा तंबू देतं.
खरंच. माणशी एक कापड,
कडेला गुंड्या नि काजं.
कोरडं झोपायचं असेल त्याने दुसरा अर्धा शोधावा.
माझ्या वाट्याला आला असाहेल पर्डम,
ओहायोतल्या झेनियाचा, पिंपं करणारा.
चौदा महिन्यांत आमचं एकमत
गुंड्या सोडून कशावरही झालं नाही.

तो म्हणे, दक्षिणवाले जातायत तर जाऊ द्यावं.
घरातला भाऊ वेगळी चूल मांडतो म्हणून
कुणी त्याच्या छपराला काडी लावतं का?
मी म्हणे, चूल त्याची असेल,
लाकडं कोण फोडतंय ते बघ.
बंदुकीच्या दस्त्याने कॉफीच्या बिया कुटायच्या
आणि काथ्याकूटही तिथंच.
बिस्किटं इतकी कडक
की मुद्दा ठासायला खोक्यावर आपटता यायची.
गरम पाण्यात टाकली की अळ्या वर.
लोरेन्झ केसलर म्हणायचा,
बघा, बहुमत तरंगतंय.

हा लोरेन्झ बाडेनचा. तिकडची क्रांती हरून इकडे आलेला.
'प्रजासत्ताक' हा शब्द तो
दातांच्या फटीतून असा काढायचा
की शेजारच्याने तोंड पुसावं.

वर्तमानपत्र नऊ दिवस शिळं, कंपनीत एकच,
तेही कोपऱ्यात तंबाखूसाठी फाडलेलं.
त्यामुळे सिनेटरचं भाषण ऐन मुद्द्यावर तुटायचं
आणि उरलेलं आम्ही
ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे पुरं करायचो.

ऑक्टोबरात एका रात्री प्रॉस्पर आला,
रसदेची खेचरं हाकणारा.
टोपी हातात. 'कुणी पत्र लिहून देईल?'
असाहेलचं अक्षर बरं. त्याने फळी मांडीवर घेतली.
काय लिहू?
'मी जिवंत आहे. बूट मिळालेत.'
कुणाला?
'डेल्फीन.'
पत्ता?
'एकसष्टच्या मार्चात विकली तिला. जॉर्जियाकडे म्हणतात.
तुम्ही रोज पेपर वाचता,
वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.'

असाहेलने टाक पुसला. परत पुसला.
वर 'जॉर्जिया' लिहिलं,
त्याखाली बराच वेळ काहीच नाही.

त्याने मत बदललं, असं नाही हं.
दुसऱ्या दिवशी तोच भाऊ, तीच चूल, तेच छप्पर.
आवाज तेवढा खाली आलेला.

तो गोळीने गेला नाही. पोटाने गेला.
तीन दिवस शौचखड्ड्याच्या वाटेवर,
चौथ्या दिवशी वाटेपर्यंतही नाही.
ओठ फुटलेले, तरी म्हणाला,
मंगळवारी मला धरून ने,
तुझ्या माणसाविरुद्ध मत द्यायचंय.
नेईन, म्हणालो.
तो गेला शुक्रवारी.

घड्याळ आणि वस्तरा झेनियाला धाडला.
पत्र ठेवून घेतलं.
ते त्याचंही नव्हतं, माझंही नाही.

मंगळवारी बिस्किटांच्या खोक्याला भोक पाडून
मतपेटी केली. मी रांगेत नव्हतो.
वीस पुरी झालीत मला.
मरायला पुरतात, मताला एकवीस लागतात.
संध्याकाळी मोजणी झाली. त्रेचाळीस, विरुद्ध अकरा.
'बारा हवे होते,' मी म्हणालो.
लोरेन्झ बघतच राहिला. 'अरे, तू तर आपल्यातला!'
आहेच की.

आता माझ्या अर्ध्याला नवा अर्धा जोडलाय,
ओठावर मिसरूडही न फुटलेला एक पोरगा.
त्याच्या कापडाच्या दोन गुंड्या गेलेल्या,
नेमका माझ्या मानेपाशी वारा येतो.
काल रात्री विचारत होता, हे संपणार कधी?
मी म्हणालो, जातायत तर जाऊ द्यावं,
घरातला भाऊ वेगळी चूल मांडतो म्हणून कुणी...
आणि थांबलो,
अंधारातून कुणी आडवं बोलेल म्हणून.

पोरगा म्हणाला,
'बरोबर आहे तुमचं.'