ओळ सतरा

जुबैलला जुलैत काचांना बाहेरून घाम येतो.
त्या सकाळी पोर्टा कॅबिनमध्ये
मी चोवीस नावं टाईप केली.
इकामा नंबर, हुद्दा,
सहीला एकेक चौकोन.
वर तीन ओळी इंग्रजीत, तीन अरबीत:
मयत कामगाराने पट्टा बांधलेला नव्हता,
आम्ही पाहिले.

मयत म्हणजे रामसूरत, सिवानचा.
सातव्या मजल्याच्या परांचीवरून.
आदल्या संध्याकाळी माझ्याकडून दहा रियाल नेले होते, रिचार्जला.
पट्टा नव्हता असं ठरलं
की कंपनीकडे काही उरत नाही,
आणि घरी फक्त पेटी जाते.

मी कागद घेऊन बसमध्ये चढलो.
कुणी वाचला नाही.
ज्यांना वाचता येत होतं
ते वरच्या सहीकडे बघायचे, मग खिडकीबाहेर.
पेन फिरत गेलं.
सही करता करता एकानं विचारलं,
आज मेसला काय आहे?

सतरावा इद्रिस. बाणकोटचा. रिगर.
वर्षभर एका बसमध्ये बसूनही
ज्याचा आवाज आठवू नये, असा माणूस.
त्यानं कागद मांडीवर घेतला,
बोट ठेवून सगळा वाचला,
अरबी ओळीसुद्धा,
आणि अठराव्याकडे दिला.
पेनला टोपण लावून.

एवढंच.
मानसुद्धा हलवली नाही.
बस सुटली.

रात्री मी त्याला गाठलं, खोलीमागे,
एसीचं पाणी ठिबकतं तिथे.
तेलाच्या पत्र्याच्या डब्यात त्यानं कढीपत्ता लावला होता.
म्हटलं, दोन पोरी आहेत तुला.
कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपतं.
"व्हय."
मग?
तो पानांवरची धूळ बोटानं पुसत राहिला.
"हुक मीच लावलेला त्येचा. सकाळी.
दोनदा वडून पन बगलेला.
आता मी म्हनू नव्हता, तर अल्ला म्हनंल होता.
दोघांत खोटा कोन ठरंल, तूच सांग."
आणि लाजल्यासारखा हसला,
जरा जास्तच बोललो, असं वाटून.

त्याला भीती नव्हती, असं मी लिहिणार नाही.
बारापर्यंत त्याची कॉट करकरत होती.
दोनलाही.
मग पहाटे उठला,
कुणाची झोप मोडू नये म्हणून
मोबाईलचा उजेड पोटाशी दाबून
चटई शोधली.
सजद्यात किती वेळ होता कोण जाणे.
मी पांघरुणातून बघत होतो
आणि मोजायची हिंमत होत नव्हती.

त्याला दोनदा ऑफिसात बोलावलं.
आत काय झालं, तो बोलला नाही.
ओव्हरटाईम थांबला.
सप्टेंबरात एक्झिट लागला.
कॅम्पात सगळ्यांनी धरलं, गडी कंटाळला, वय झालं,
त्यानं कुणाची समजूत घातली नाही.
बॅग, दोरीनं बांधलेलं ब्लँकेट,
पोरींसाठी टँगचे दोन डबे.
जाताना मला म्हणाला,
याला सकाळचं ऊन नको, जळतो.

सिवानला पैसे गेले का, मला माहीत नाही.
कागद दम्मामला गेला,
तेवीस सह्या आणि एक कोरा चौकोन.
कुणा वकिलाचं बोट तिथे अडलं असेल.
नसेलही.
इद्रिसनं पुढे फोनवरही कधी विचारलं नाही,
फोन आला की कढीपत्त्याचं विचारायचा.

इद्रिस हे त्याचं नाव नव्हे.
बाणकोट हे गावही नव्हे.
एवढं तरी त्याचं राखायला हवं.

डबा आता माझ्या बाजूला आहे.
रात्री पाणी ठिबकतं, पत्र्यावर, मग मातीत.
आमटीत चार पानं पडली
की रूममधले म्हणतात, गावचा वास आला.

माझी सही आठव्या ओळीत आहे.
मी परांचीच्या जवळपासही नव्हतो त्या दिवशी,
कॅबिनमध्ये होतो, तरी
'आम्ही पाहिले'मध्ये मीही आहे.
सही स्वच्छ आहे, वळणदार.
शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं मला,
स्टेजवर बोलावून,
सगळ्यांसमोर.