हळिवाचा डबा

आईने डबा पाठवला परचुरेकाकूंच्या बॅगेतून,
तीन पिशव्यांत गुंडाळून, लोणच्याच्या बरणीशेजारी.
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तिचं तिरकं अक्षर:
पाळी आल्यापासून चौदा दिवस. पुढे नको.

पुढे का नको, ते लिहिलं नाही.
शेफिल्डपर्यंत आलेल्या डब्यावर
तेवढी जागा रिकामी आहे.

वॉक्लीच्या चढावर आमचं घर.
बर्फ पडला की कचऱ्याचे डबे आपले आपण खाली निघतात.
पहाटे पावणेसहाला, डोळे उघडायच्या आत,
मी तोंडात थर्मामीटर धरते.
छत्तीस पूर्णांक चार. छत्तीस पूर्णांक तीन.
"किती?" श्रीरंग झोपेतच विचारतो,
मंडईत मेथीचा भाव विचारावा तसा.

डॉक्टरीणबाई भल्या आहेत.
सेकंडरी, त्या म्हणाल्या,
आणि मला आठवली माध्यमिक शाळा:
चौथी सहज पास,
मग एकाच बाकावर तिसरं वर्ष.
कॉफी कमी करा, झोप वाढवा, चालत जा.
वय, म्हणाल्या, आणि
कॉम्प्युटरकडे वळल्या.

बाकी सगळे म्हणतात, एक आहे ना.
हळदीकुंकवात, ट्रामच्या स्टॉपवर, फोनवर.
एक आहे ना,
जसं बाहेर पडताना विचारतात,
छत्री आहे ना.

आहे. शाल्मली. शाळेत शॅल.
ती झाली तेव्हा आई सहा महिने इथे होती,
फ्रीझरमधल्या खोबऱ्याला नावं ठेवत
हळिवाचे लाडू वळायची. रोज एक, दुधाबरोबर.
मी कंटाळले होते. दोन लाडू
टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात टाकले.
आईला कळलं नाही.
हल्ली रात्री मला त्या दोनांचा हिशेब लागत नाही.

पंधराव्या दिवशी डबा वरच्या फडताळात जातो.
मग मी जिना जपून चढते,
पिशवीतले बटाटे श्रीरंगकडे देते,
मनातल्या मनातसुद्धा नाव ठेवत नाही.
अठ्ठाविसाव्या, कधी तिसाव्या दिवशी
डबा खाली येतो.
सांगावं काही लागत नाही.
झाकण निघाल्याचा आवाज ऐकून
श्रीरंग येतो, गॅसवर दूध ठेवतो.
दूध तापेपर्यंत आम्ही दोघं
दुधाकडे बघत राहतो.

मार्चमध्ये शाल्मलीने शाळेतून
अंड्याचं टरफल आणलं, दोन्ही हातांत धरून.
त्यावर डोळे, हसरं तोंड,
आत ओला कापूस, डोक्यावर हिरवे केस.
"क्रेस," ती म्हणाली. "मिस हॅडफील्डने बी दिलं."
कापसाला एक बी चिकटून राहिलं होतं, न उगवलेलं.
बोटावर घेतलं.
विटकरी. बुळबुळीत.
अगं, हळीव हे!
काकूंच्या बॅगेतून, कस्टमला घाबरत आलेलं,
इथे पोरं टरफलात पेरतात,
अंड्याच्या सँडविचवर कात्रीने कापून घालतात.

"अजून करू या," ती म्हणाली. "खूप."
एकोणिसावा दिवस होता.
मी स्टुलावर चढले, डबा काढला,
झाकण उघडलं.

वर बाथरूमचा नळ बंद झाला.
श्रीरंग आला तो अर्ध्या गालाला फेस,
सरळ फ्रिजकडे. दूध काढलं,
पातेलं शोधू लागला, माझ्याकडे न बघता.

"नाही रे," मी म्हटलं. "पेरायचंय."

दुधाची बाटली हातात धरून तो तसाच उभा.
गालावरचा फेस वाळत होता.
शाल्मलीने त्याच्या हातात कापूस दिला.

आज खिडकीत अकरा डोकी आहेत.
एकाला चष्मा, तो बाबा.
एकाचे डोळे मिटलेले, ते कोण, ती सांगत नाही.
नऊ उगवली. दोन अजून ओलीच, शांत.
डबा खालीच राहिला आहे, पट्टी निघाली आहे,
आईला काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
चोविसावा दिवस.
शाल्मली कात्री शोधते आहे.