घंटेसाठी एक माणूस हवा

शर्यत ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी,
आणि जुलै संपत आला तरी माझ्या यादीत
सव्वीस कोपऱ्यांना अकरा नावं.
त्यातलं एक मार्चमध्येच आम्ही पुरलं.

पस्तीस वर्षं मी या फ्लेमिश गावात टपाल वाटलं.
कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, कुठलं दार
ठोठावल्यावर पडदा हलतो आणि उघडत नाही,
सगळं पाठ. म्हणून समिती म्हणाली,
गोडेलीव्ह, माणसं तू आण.

गेले. या वेळी हातात कुणाचं पत्र नव्हतं.
बेकरीवाला नोएल म्हणाला, रविवारी मी झोपतो.
शाळेतल्या बाईंनी विचारलं, देता किती?
एक सँडविच, मी म्हटलं, बिअरची दोन कुपनं,
आणि मोटारवाल्यांच्या शिव्या, त्या हव्या तेवढ्या.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.
बाई हसल्या. हसल्या म्हणजे नाही.

प्रशिक्षण कॅफेच्या मागच्या खोलीत,
बिलियर्डच्या टेबलावर फळी टाकून.
मिठाची बाटली म्हणजे चर्च,
साखरेचे खडे म्हणजे पोरं,
सांडलेली कॉफी म्हणजे, फिरमिन म्हणाला,
कॉफीच आहे, पुसा आधी.

पाच जण आले.
एक बाई विणकामाचा वर्ग समजून आलेल्या.
त्यांना आम्ही जाऊ दिलं नाही.

फिरमिन एक्क्याऐंशीचा, एका डोळ्यात मोतीबिंदू.
कोपऱ्यावर कसं उभं राहायचं ते तो
उभं राहूनच शिकवतो:
थाळीची लाल बाजू गाडीकडे,
शिट्टी ओठात, खिशात नाही,
आणि शर्यतीकडे पाठ.

निझार हलबहून आलेला शिंपी.
क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायला
तो अजून विसरतो.
त्यानं हात वर केला. मग शर्यत बघायची कधी?

बघायची नाही.
बघणारे दोरीच्या पलीकडे असतात.
तू येणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघायचं.
मागून जे जाईल ते जाऊ द्यायचं.

निझारनं हे वहीत लिहून घेतलं.
त्याच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे.

रविवारी वारा होता. मका डोक्याएवढा.
एकोणचाळीस पोरं, चौदा फेऱ्या.
विणकामाच्या बाईंनी एका काळ्या मोटारीला
असं थोपवलं की मालक काच खाली करून
माफी मागायला लागला.

तेरावी फेरी. वॉकीटॉकीवर निझार:
एक टाका सुटलाय.
काय सुटलाय?
टाका. दर वेळी पाठीमागून जातात तेव्हा
शेवटी एक साखळी करकरते. आता नाही करकरली.

तू वळून पाहिलंस?
नाही. पाठ आहे ना शर्यतीकडे.

फिरमिननं रेषेवर मोजले. अडतीस.
पुन्हा मोजायला पोरं थांबत नाहीत.
मी धावले. बहात्तरीत जेवढं धावतात तेवढं.
मक्याच्या कडेला, नाल्यात पाय सोडून
यारने बसला होता. सतराचा. साखळी हातात.
रक्त नाही, काही नाही. ढसाढसा रडत होता
आणि कुणी बघू नये म्हणून आत शिरला होता.
मी त्याच्या शेजारी बसले.
नाक पुसायला त्याला निकालाचा कोरा कागद दिला.

आणि तेव्हा मला आठवलं
की घंटा माझ्या हातात आहे.

शेवटच्या फेरीला वाजवायची ती घंटा,
जुन्या शाळेची, पितळी, इथे नाल्यात.
तिकडे अर्धी पोरं एक फेरी आधीच जिंकली,
अर्धी अजून चालवतच होती,
आणि एका आईनं फिरमिनची टोपी काढून घेतली.

चार तक्रारी. सहा वाजेपर्यंत बैठक.
विजेता कोण ते अजून दोन कॅफेत दोन आहेत.

पुढच्या वर्षीची यादी मी आजच उघडलीय.
निझारनं स्वतःच नाव घातलं, तोच कोपरा मागितला.
विणकामाच्या बाई बहिणीला आणणार आहेत.
मी नाल्याच्या बाजूला. बसायला स्टूल नेईन.

घंटेसाठी मात्र माणूस हवा.
अनुभव नको. मोजता यावं, चौदापर्यंत.
तुम्ही रविवारी काय करता?