आपली म्हणून

गाव कोणतं, गुरुजींनी आधी विचारलं. आडनाव नंतर.
पालखेड म्हटल्यावर ते जिना चढून वर गेले
आणि तान्हं मूल धरावं तशी
लाल फडक्यातली वही काखेत घेऊन उतरले.

सुदामच्या मांडीवर आत्या होती,
तांब्यात, तोंडाला पांढरं कापड बांधलेली.
जन्मात ती इतका वेळ गप्प बसली नव्हती.
खिडकीतून रामकुंड दिसत होतं,
कुणीतरी पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरत होतं.

वही आडवी उघडते.
सुरुवातीची पानं मोडीतली,
ओळ संपेपर्यंत लेखणी उचलायची नाही अशी लिपी.
गुरुजी बोट फिरवत गेले:
खंडोजी, त्याचा मल्हारी, त्याचे तिघे,
एक निपुत्रिक, एक दत्तक गेला चांदोरीला,
मुली दोन: एक दिली ओझरला, एक दिली वणीला.
नावं?
नावं नाहीत.
आपल्याकडे मुलगी देतात आणि सून करतात,
दोन्ही वाक्यांत ती कर्म.

मग आजोबांचं पान. बाळबोध, निळी शाई,
शके अठराशे त्र्याहत्तर.
"मी सावळाराम भिवाजी विधाते,
वडिलांच्या अस्थी घेऊन आलो.
सोबत पत्नी सगुणा. मुलगा नामदेव, वय सात.
सोबत मुलगी, वय अंदाजे दोन, नाव द्वारका ठेवले.
आजपासून आपली म्हणून."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
अंदाजे, एवढंच म्हणाले.
पोटच्या पोरीचं वय कोण अंदाजे लिहितं?

आता माझ्या नाकाचं काय करायचं?
हे नाक आत्याचं, असं सगळी भावकी म्हणते.
मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर
थोरल्या चुलत्यांनी तिच्याकडे बोट करून सांगितलं होतं,
विधात्यांचं नाक आहे, लपत नाही.
ती पोहे वाढत होती. तिला माहीत होतं का?

बारशाला माझ्या कानात कुर्र करून
हेमलता हे नाव तिनं सोडलं.
तोपर्यंत मी नुसती पाळण्यातली होते.

सुदामची द्राक्षबाग आहे.
दर साली डॉगरिजच्या खुंटाला तो थॉमसनची काडी बांधतो,
पट्टी सोडल्यावर सांधा अंगठ्यानं चाचपतो.
मला वाटलं, आता तो काहीतरी खुंटाकाडीचं बोलेल.
तो तांब्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिला
आणि म्हणाला, म्हणजे दादांना ठाऊक होतं.
सात वर्षांचं पोर विसरत नाही गं.

दर भाऊबीजेला दादा बस बदलत लासलगावला जायचे,
ताप असला तरी.
ओवाळून घेऊन त्याच रात्री परत.

आजची नोंद करायची होती.
मयताचं नाव, गाव, तिथी.
नातं?
आत्या.
सख्खी? गुरुजींनी सवयीनं विचारलं
आणि विचारून झाल्यावर स्वतःच ओशाळले.
पेन सुदामकडे केलं होतं त्यांनी. मी घेतलं.

सख्खीमध्ये एक अर्धा ख असतो,
एकटा उभा राहत नाही,
शेजारच्या ख ला टेकवून लिहावा लागतो.
माझा जरा वाकडा आला.
शाई वाळेपर्यंत कुणी वही मिटली नाही.

परतताना त्या बोळात दोन्ही बाजूंना पाट्या:
अमुक गुरुजी, तमुक गुरुजी, आणि खाली
ज्यांच्या वह्या त्यांच्याकडे त्या गावांची नावं,
तेलकट, अर्धी पुसलेली.
यातल्याच एखाद्या कपाटात
दुसऱ्या कुणाची ओळ असेल,
मुलगी एक, आणि पुढं कोरं.
मी दोन पायऱ्या चढले सुद्धा.
आत कुणीतरी विचारलं,
गाव कोणतं?