फक्त एकच रोप

लाउथच्या संग्रहालयाच्या तळघरात
दर मंगळवारी मी मेलेल्या तणाच्या नोंदी करते.
इस्पितळातली रात्रपाळी उरकून येते,
हात स्वच्छ, डोळे जड.

आजच्या खोक्यात कॉर्नकॉकल.
गव्हात माजणारं, बी विषारी,
पिठात सापडलं की गिरणीवाल्याच्या शिव्या खाणारं.
फुलं कधीकाळी जांभळी असणार,
आता चहा सांडून वाळल्यासारखी.

गोळा करणारी एकच: मिस ऑलिव्ह डाउस.
१९०९. गिरणीमागचं शेत. ‘बक्कळ.’
१९१३. तेच शेत. ‘बक्कळ. शेतकरी वैतागलाय.’
मग सात वर्षं एकही कागद नाही.
तण नव्हतं, असं थोडंच?
बघणारी कुठे होती, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
१९२० पासून अक्षर बारीक झालंय, डावीकडे कललेलं.
१९२६. ‘बांधालगत, तुरळक.’
१९३१. ‘पंधरा मोजली.’
१९३८. ‘तीन. भिजत गेले, भिजत आले.’

आमच्याकडे तणाला कुणी नाव विचारत नाही.
आई बोलता बोलता खुरपं घालायची मुळाशी,
गोष्ट न तोडता, मान न वळवता,
आणि मागे ढीग सुकत पडायचा.
ही बाई त्याच्यासाठी चिखलात गुडघे टेकून
आकडे लावत बसलेली.

शेवटचा कागद, जुलै १९४७.
मुळासकट उपटलेलं, मुळाला माती तशीच.
खाली पेन्सिलीनं:
‘फक्त एकच रोप होतं. घेतलं.’

घेतलं.
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

संगणकावर रकाना येतो: संख्या. मी १ टाकला.
पुढचा रकाना: त्या जागी आज आढळतं का?
हो किंवा नाही.
रोवेनाला विचारलं. ती म्हणाली,
तिथं आता टायरचं दुकान आहे, पण तू रिकामाच ठेव.

कागद उचलताना डिंकाच्या पट्टीखालून
बिया घरंगळल्या टेबलावर.
काळ्या, खरबरीत, नऊ.
चिमट्यानं पुडीत भरल्या,
वर तारीख घातली, आकडा घातला, सही केली.

घरी आले. कोट खुंटीला अडकवताना
बाहीच्या दुमडीतून काहीतरी टपकलं फरशीवर.
गव्हाच्या दाण्याहून लहान.

पुडीवर मी नऊ लिहिलंय.
पुढचा मंगळवार यायला सहा दिवस आहेत,
आणि ओट्यावर कोथिंबिरीची कुंडी,
अर्धी रिकामी.