दोरीला भोक

शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, आणि माझी सुट्टी
फेरीबोटीवरच्या बदलीवाल्याला दोन चहा कबूल करून मिळवलेली.
घड्याळं, टॉर्च, कॅल्क्युलेटर, छत्र्यांच्या काड्या,
त्यातच काचेखाली मिनीनबाबाच्या गेमा.

"चली काय चलो?" त्यानं न बघताच विचारलं.
चली. भाची. श्रावणात पाच पुरी होतील.
त्यानं गुलाबी डबा पुढं सरकवला.
मी म्हटलं, थांब,
आणि खिशातून विजेचं बिल काढलं.
पाठीमागं दुर्वाचा पंजा, पेन्सिलीनं गिरवलेला.
सुलक्षानं तो बांगड्यांच्या मापासाठी दिला होता,
बांगड्या मी घेणार नव्हतो.
हा अंगठा बघ, म्हटलं, हा बटणापर्यंत पोचायला हवा.

मिनीनबाब हसला. मग चष्मा लावून
पंजावर एकेक गेम ठेवून बघू लागला,
जसा शिंपी कापड ठेवतो.

सुलक्षाचा निरोप: बंदूक नको, आवाज बंद करता यायला हवा.
भावोजींचा निरोप: मोबाइल देऊ नकोस,
उद्या तीच आम्हाला देणार नाही.
माझा निरोप मलाच, सेलच्या झाकणाला स्क्रू हवा.
गोल सेल गोळीसारखा दिसतो आणि ती सगळं चाखून बघते,
देवळातला कापूरसुद्धा.

एक होती चारशे गेमांची. चारशे!
तिला अजून शंभरापर्यंत मोजता येत नाही.
एक होती पाण्यानं भरलेली, बिनसेलची,
बटण दाबलं की रंगीत रिंगा उडून खुंटीवर बसायच्या.
ती मी अर्धा तास दाबत उभा.
मागची बाई दोनदा म्हणाली, बाबा, सर थोडा.
पाच बसल्या, सहावी नाही.

मग त्यानं एक महागातली लावून दिली.
नदी. ओंडके वाहताहेत, आणि एक इवलासा माणूस
उड्या मारत पलीकडं चाललाय.
छान, म्हटलं. चुकलं की?
चुकलं की पाण्यात. टुंग. संपलं.
मी ती काचेवर परत ठेवली, हळूच, पालथी.
गेल्या पावसाळ्यात मी एक दोर फेकला होता,
नार्वेच्या बाजूनं, आणि तो हातभर कमी पडला.
मिनीनबाबाला हे कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे,
त्यानं डबा उचलून खालच्या खणात टाकला.

शेवटी मिळाली ती करड्या पडद्याची, मांजराची.
वरून फळं पडतात, मांजर टोपलीत झेलते.
चुकलं तर ती नुसती खाली बसते,
मान हलवते, उठते.
साडेतीनशे म्हणाला, दोनशे ऐंशीला दिली.
आणि हिला दोरीला भोक आहे का?
भोक कशाला?
अरे, मी फेरीवर काम करतो, म्हटलं.
महिन्याला एक मोबाइल, दोन चष्मे, एखादी चप्पल
मांडवी माझ्या डोळ्यांसमोर घेते, पावती देत नाही.

भोक होतं. कोपऱ्यात, तांदळाएवढं.
निळी नायलॉन मी घरी ओवली,
गाठ मारली तीच, जी बोटीला मारतो,
ओढावी तेवढी आवळणारी.

आता शाळा सुटली की दुर्वा दिवाडीकडून चढते,
गेम गळ्यात, दप्तर माझ्याकडं.
स्कूटरींच्या मधल्या जागेत उकिडवी बसते.
जीभ बाहेर. अंगठा पंजातल्या रेषेपेक्षा थोडा वाढलाय,
की मीच नीट गिरवलेला बघितला नव्हता.
पाणी पलीकडं, पाणी अलीकडं, ती वर बघत नाही.
मी तिला बघायला सांगतही नाही.

काल रॅम्प सोडायच्या बेतात होतो तेव्हा ओरडली,
"मामा, किती उरले?"
मी किनारा बघून म्हटलं, दोन मिनिटं.
"मिनिटं नाही रे. लाइफ!"
पडदा माझ्याकडं वळवून तिनंच मोजले.
तीन आहेत, म्हणाली. तुला एक देऊ?