अंकलीचा पूल

कसबा बावड्याला, कोर्टाच्या भिंतीबाहेर माझं टेबल.
एक पाय विटेवर.
पानाला तीस रुपये. घाईचं असलं तरी तीसच.
बावीस वर्षांत इतके जामीनअर्ज बडवलेत
की "कुटुंबातील एकमेव कमावता इसम"
हे बोटं मला न विचारता लिहितात.

आज बिल्किस शिकलगार आली.
उद्यमनगरात लेथच्या कारखान्यात झाडलोट करते,
ओढणीला कटिंग ऑइलचा वास.
"ताई, नियामतचं लिहायचंय. परत."

नियामतचं मागचं मला ठाऊक.
तांब्याची तार, साडेचार किलो, पहिलाच गुन्हा,
म्हणून तुरुंगाऐवजी परिवीक्षा.
दर सोमवारी अधिकाऱ्यासमोर सही.
चांगली वर्तणूक.
आणि परवानगीवाचून जिल्हा सोडायचा नाही.

एकोणीस सोमवार त्यानं सह्या केल्या.
तारीख टाकायचा, खाली रेघ ओढायचा,
शाळेतल्या वहीसारखी.

विसाव्याच्या आदल्या रात्री पोरीला आकडी आली.
इथले डॉक्टर म्हणाले, मिरजेला हलवा.
मिरज म्हणजे सांगली जिल्हा,
हे डॉक्टरांनी सांगायचं नसतं.

रिक्षा जयसिंगपूर सोडून उदगावला पोचली तेव्हा
पहाटेचे तीन.
पुढं अंकलीचा पूल, खाली कृष्णा.
ह्या टोकाला कोल्हापूर, त्या टोकाला सांगली.
रेघ नक्की कुठल्या खांबावर आहे
ते नदीला अजून कुणी कळवलेलं नाही.

"पुलावर त्यानं रिक्षा थांबवली," बिल्किस सांगते.
"म्हणला, आक्का, मी हितनं म्हागारी फिरतो,
तू फुडं हो, सकाळी सही हाय माझी.
उतरला बी होता.
पोरीनं शर्टाचं बटण धरल्यालं, सुटंना.
त्या बटणापायी गेला बघा जिल्हा."

दोन सोमवार कोरे गेले.
तिसऱ्या आठवड्यात कावळा नाक्यावर उचलला,
हातात तपासणीच्या कागदांची पिशवी.
अटीचा भंग.

जामीन नाकारला असं नाही. दिला.
पंधरा हजार, आणि एक लायक जामीनदार.

शिकलगारांच्या गल्लीत लायक माणसं आहेत.
अपरात्री भाडं न विचारता रिक्षा काढणारा युनूस,
पोरीच्या औषधाला अंगठी गहाण टाकणारी मुमताजबी.
सातबारा कुणाकडं नाही.
घरफाळ्याची पावती घरमालकाच्या नावावर.

समोर चहाच्या गाड्यावर भाड्याचे जामीनदार बसतात.
पाच हजारात एक सातबारा.
तोच गट नंबर मी इतक्यांदा टाइप केलाय
की त्या शेतात कुठं बांध, कुठं बाभळ, मला दिसतं.
बिल्किसनं भाव विचारला
आणि चहा न पिताच परत आली.

तारेसाठी तो एक दिवस आत गेला नाही.
पुलासाठी कळंब्यात आज सव्विसावा.
वर्कशॉपनं दुसरा माणूस लावला.
चुकलेले सोमवार दोनच.
आतले सोमवार मी मोजले, ते तीन.
तिथं त्याची हजेरी मात्र रोज लागते.

अर्जात मी लिहिलं:
जातमुचलक्यावर सोडावे, जामीनदाराची अट शिथिल करावी.
आणि खाली, न राहवून, एक ओळ माझी:
हा पळणारा असता, साहेब,
तर पुलावर उतरला नसता.

वकीलसाहेबांनी चष्मा वर केला.
"बाई, कोर्टात असं लिहीत नाहीत."
मी पांढरी शाई फिरवली.
वरची प्रत स्वच्छ झाली.
कार्बनखालची मी तशीच फाइलला लावली.

बिल्किसनं रुमालाची गाठ सोडली,
दहादहाच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या, इस्त्री केल्यासारख्या.

उचगावात माझ्या नावावर दीड गुंठा आहे.
उतारा ह्याच ड्रॉवरमध्ये, तळाला, प्लॅस्टिकमध्ये.
एकदा कुणासाठी तरी तो बाहेर काढला होता,
पुढं तीन वर्षं नोटिसा घेत होते.
बिल्किसला हे माहीत नाही.

"हुईल न्हवं ताई?" तिनं विचारलं.

मी ड्रॉवर उघडला.
नोटा आत ठेवल्या.
लगेच बंद केला नाही.